वाचक विचारतात : जोत्याची उंची आणि भरतीची वेळ

आगोटीची कामे चालू असताना, म्हणजे पन्हळी साफ करणे, लाकूडफाटा आत घेणे आणि मिरगाची वाट पाहणे या दिवसांत, आलेली पत्रे या वेळी निवडली आहेत. बहुतेक पत्रे पुराविषयीची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे देणारा मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेला अभियंता आहे, त्यामुळे काही ठिकाणी हिशेब जास्त आणि सांत्वन कमी आढळेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ रोजी पहाटे पाणी शिरले आणि पाहता पाहता पोटमाळ्यापर्यंत चढले. कोणी पावसाला दोष देतो, कोणी कोयनेच्या पाण्याला, कोणी गाळाला. खरे कारण कोणते?

उत्तर : आपण मोजलेल्या तिन्ही कारणांत तथ्य आहे, आणि आपण न लिहिलेले चौथे कारण समुद्राचे आहे. परंतु ही कारणे सारख्या वजनाची नाहीत, म्हणून ती एकेक करून तोलावी लागतील.

प्रथम पाऊस. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. समजा शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि आधीच्या पावसाने जमीन तुडुंब भिजलेली असल्यामुळे त्यातले फारसे मुरले नाही, तर तीन कोटी घनमीटर पाणी नदीकडे धावते. चोवीस तासांत ते सारखे वाटले, तरी दर सेकंदाला सुमारे ३५० घनमीटर होते, आणि प्रत्यक्षात ते सारखे कधीच येत नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात कोकणात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे घाटावर पडलेले पाणी काही तासांत खाली उतरते. कृष्णाकाठच्या माणसाला पूर येण्याआधी एखादा दिवस तरी हाती मिळतो, वाशिष्ठीकाठच्या माणसाला एक झोपही पुरी मिळत नाही.

दुसरे कारण भरती. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून दाभोळला समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी तिच्या पात्रातून थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येते. खाडी भरलेली असताना वरून येणाऱ्या पुराला पुढे सरकायला उतारच उरत नाही आणि ते पाणी मागे तुंबते. त्या दिवशी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाण चढत होते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा जुना नियम आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि हीच वेळ दुपारनंतर वा रात्री साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते. हा नियम ढोबळ आहे आणि बंदरागणिक थोडा बदलतो, तरी बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानदाराने तो तोंडपाठ ठेवावा, असे माझे मत आहे.

तिसरे, कोयनेचे पाणी. कोयना ही मूळची पूर्वेकडे वाहणारी नदी आहे. तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे आणून पोफळीच्या बाजूला वीज तयार होते, ते कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, तेथून पुन्हा विजेसाठी वापरले जाते आणि शेवटी वाशिष्ठीत सोडले जाते. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी वळवण्याची मुभा आहे. वर्षभराची सरासरी काढली, तर हे दर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर पडते. वर मांडलेल्या पावसाच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवला, म्हणजे एवढा मोठा पूर केवळ वीजगृहाच्या पाण्याने येऊ शकत नाही हे स्पष्ट होते. तरीही मी ते पाणी निर्दोष ठरवणार नाही. नदी काठोकाठ भरलेली असताना आणि खाली भरती असताना वरून आलेली थोडीशी भरही घराच्या उंबरठ्यावर वीतभर जास्त पाणी आणू शकते, आणि वीतभर पाण्यात कापडाचा सगळ्यात खालचा गठ्ठा जातो. ‘पाणी कोणाचे’ यापेक्षा ‘ते कोणत्या तासाला सोडले’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी आहे, आणि त्याचे उत्तर शहराला आधी मिळाले पाहिजे, पूर ओसरल्यावर नव्हे.

राहिला गाळ. २०२१ नंतर वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांतला गाळ उपसण्यासाठी चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले आणि काम सुरू झाले, ते योग्यच झाले. नदीच्या मधोमध तयार झालेली बेटे, त्यांच्यावर वाढलेली झाडी आणि पुलाच्या कमानींत अडकलेला भराव काढल्याने नेहमीच्या पावसाळ्यातले लहान पूर नक्की कमी होतात. मात्र खाडीच्या टप्प्यात पात्र खोल केले, तर त्या खोलीत भरतीचेच पाणी बसते, आणि वरच्या डोंगरउतारांवरून माती येत राहिली, तर चार-सहा पावसाळ्यांत खड्डा पुन्हा भरतो. गाळ काढणे ही दर काही वर्षांनी करायची देखभाल आहे, एकदाच्या उपायाची अपेक्षा त्यातून करू नये.

संरक्षक भिंतीची मागणीही आपल्या पत्रात आहे. त्याविषयी मी सावध आहे. एका काठाला भिंत बांधली की पाणी समोरच्या काठावर चढते, आणि शिव नदीसारखी शहरातून येणारी उपनदी भिंतीच्या आत अडकते, म्हणजे मोठ्या नदीचे पाणी अडवून आपण लहान नदीचे पाणी घरात घेतो. भिंत बांधायचीच असेल, तर आतले पाणी बाहेर काढण्याची झडपांची दारे आणि पंप यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेला असावा.

प्रश्न : मी महाडचा निवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी जर्मनीत बॉनजवळ राहते. २०२१ च्या जुलैत तिच्या शेजारच्या खोऱ्यात पूर आला आणि आठवड्याभरात आमच्याकडेही आला. तिकडे त्याला उन्हाळी पूर म्हणतात. उन्हाळ्यात पूर येतोच कसा, आणि या दोहोंत काही साम्य आहे का?

उत्तर : तिकडे जुलै हा भर उन्हाळ्याचा महिना असतो. उबदार हवा अधिक बाष्प धरते, तापमान एका अंशाने वाढले की बाष्प धरण्याची हवेची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. असे बाष्पाने भरलेले कमी दाबाचे क्षेत्र एका जागी रेंगाळले, तर उन्हाळ्यातही मुसळधार पाऊस कोसळतो. १४ आणि १५ जुलै २०२१ रोजी पश्चिम जर्मनी आणि बेल्जियममध्ये नेमके हेच झाले. एकट्या जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली बहुसंख्य आर नावाच्या एका लहान नदीच्या खोऱ्यातली होती.

आता गंमत पाहा, अर्थात गंमत हा शब्द येथे कडवटपणानेच वापरावा लागतो. त्या खोऱ्यात दोन दिवसांत पडलेला पाऊस बहुतेक ठिकाणी १०० ते १५० मिलिमीटर होता. आपल्या कोकणात आषाढातल्या एका बऱ्यापैकी दिवसाचा हा पाऊस आहे, त्याने शाळासुद्धा बंद होतीलच असे नाही. त्याच महिन्यात २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली, आणि आपली सावित्री त्याच डोंगरातून उतरते. म्हणजे पुराचे संकट पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. नदीचे पात्र, पुलांच्या कमानी आणि गावाचे जोते किती पावसाला सरावलेले आहेत, त्यापुढे पाणी गेले की संकट सुरू होते. जर्मनीतल्या त्या नदीवर वाहून आलेली झाडे आणि वाहने पुलांना अडकली, पुलांचे बंधारे झाले, आणि ते फुटल्यावर लाटच खाली गेली. सावित्रीकाठी गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी एकत्र येते, पुढे रस्त्यांचे आणि लोहमार्गाचे भराव येतात, पात्रात बेटे साचतात, आणि खाली भरती असते. अडवणुकीची जागा वेगळी, रीत एकच.

दुसरे साम्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. आर नदीला १८०४ आणि १९१० साली मोठे पूर आले होते. पण पुराचा धोका काढताना तेथे प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजणीच्या नोंदी धरल्या गेल्या, त्यामुळे जुने पूर हिशेबातच आले नाहीत आणि नकाशावरचा धोका खऱ्यापेक्षा लहान दिसला. इशाराही काही दिवस आधी मिळाला होता, पण ‘नदी इतकी चढेल’ हे कोणाच्या डोळ्यांसमोर उभेच राहिले नाही. महाडला २००५ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत, त्याआधीच्या पुरांच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडे आहेत. आपण शिक्षक होतात, म्हणून आपल्याला एक काम सुचवतो. जुन्या वाड्यांच्या जोत्यांपासून या खुणांची उंची टेपने मोजून, तारखेसह एका वहीत लिहून ठेवा आणि तिची एक प्रत नगरपरिषदेला द्या. रंग दिला की भिंतीवरची खूण जाते.

प्रश्न : आमचे घर दाभोळच्या खाडीकाठी आहे. नदीचा पूर लांब राहिला, उधाणाचेच पाणी खाजणातून मळ्यात शिरते आणि विहीर खारट होते. दोन्ही पाणी एकदम आले, तर आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आपल्याकडे खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधातले दार, असेल, तर पावसाळ्यापूर्वी तिची फळी नीट बसते की नाही हे स्वतः पाहा. उघाडीचे काम एवढेच, की ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये. फळीखाली एक ओंडका अडकला, की हे उलटे होते. बांधाला खेकड्यांनी पाडलेली बिळे लहान दिसतात, पण बांध फुटतो तो बहुधा तेथूनच. काठावरची तिवरे आणि चिपीची झाडे सरपणासाठी तोडू देऊ नका, ती लाटेचा जोर मोडतात आणि माती धरतात.

विहिरीत पुराचे पाणी गेले असेल, तर आधी उपसा करावा, मगच औषध घालावे. साधारण दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, खाली चुना बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडतात, आणि अर्धा तास थांबून मग पाणी वापरतात. गढूळ पाण्यात हे प्रमाण अपुरे पडते, म्हणून ग्रामपंचायतीच्या आरोग्यसेवकाकडून तपासून घ्यावे. टीसीएलने जंतू मरतात, खारटपणा जात नाही, त्यासाठी पावसाच्या पाण्याने विहीर धुऊन निघण्याची वाटच पाहावी लागते. चिखलात अनवाणी चालल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना स्वतः बोलून दाखवावी.

प्रश्न : आम्ही पोलादपूरच्या डोंगरउतारावर राहतो. नदी खूप खाली आहे, म्हणजे आम्हाला पुराचे भय नाही, असे समजावे का?

उत्तर : नाही, आणि हे उत्तर मी जाणीवपूर्वक एका शब्दाने सुरू करतो आहे. ज्या पावसाने खाली पूर येतो, त्याच पावसाने वर दरड सुटते. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या, २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. तिन्ही तारखा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत. आपले शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. साधारण २० जुलैला म्हातारा पाऊस लागतो. तोवर दीड महिना जमीन पाणी पीत असते, मातीचा थर फुगून जड होतो, आणि खालच्या खडकावरची त्याची पकड सुटते. म्हणून म्हाताऱ्या पावसाच्या दिवसांत जूनपेक्षा कमी पाऊसही अधिक घातक ठरू शकतो.

लक्षणे ओळखता येतात. घराच्या वरच्या बाजूला जमिनीत अर्धचंद्राकार भेग पडणे, सरळ उभी झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, नेहमी नितळ असणारा पऱ्या एकाएकी गढूळ होणे, किंवा भर पावसात तो अचानक आटणे. यातले शेवटचे लक्षण सर्वांत भयंकर आहे, कारण पाणी वर कोठेतरी अडले आहे किंवा मातीत घुसते आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पंचनाम्याची वाट न पाहता गुरे सोडावीत, माणसे बाजूच्या धारेवर न्यावीत आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवावे. उताराच्या रेषेत खाली धावू नये, आडवे निघावे.

भेग लहान असेल, तर चिकणमाती ठासून भरावी आणि वरून येणारे पाणी चर काढून बाजूला वळवावे. अंगण वाढवण्यासाठी डोंगराचा पाया उभा कापू नये. माझ्या स्वतःच्या नात्यात अशा कापलेल्या अंगणाचे कौतुक मी चार लोकांत केले आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात तेथली पडवी मातीखाली गेलेली पाहिली आहे. माणसे वाचली ती केवळ त्या रात्री लग्नघरी गेली होती म्हणून.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. निवृत्तीनंतर राहण्यासाठी खेडमध्ये जगबुडीच्या जवळ नव्या संकुलात घर घेण्याचा विचार आहे. बिल्डर म्हणतो, पाणी येत नाही. काय तपासावे?

उत्तर : पूररेषा. आपल्या राज्यात नद्यांच्या दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध आहे, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह बांधकाम होऊ शकते. नगरपरिषदेत जाऊन आपल्या भूखंडाचा गट क्रमांक त्या नकाशावर दाखवून मागा आणि परवानगीपत्रात जोत्याची किमान पातळी किती लिहिली आहे ते वाचा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता असते, आणि तीस वर्षे त्या घरात राहिलात, तर ती साधारण चारात एक होते.

त्यानंतर दुपारी नव्हे, संध्याकाळी तेथे जा आणि शेजारच्या जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्या बाईंना विचारा, की २००५ साली पाणी कोठवर होते. त्यांना बिल्डरचे काही देणे नसते. इमारतीत विजेचे मीटर, जनित्र आणि पाण्याचा पंप तळमजल्यावर असेल, तर वरच्या मजल्यावरचे कोरडे घरही पुरानंतर आठवडाभर राहण्यालायक नसते.

प्रश्न : पुराचे नुकसान विम्यातून मिळते का?

उत्तर : एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात पुराचा समावेश आहे. दुकानासाठी पॉलिसी वेगळी असते, त्यात मालाच्या साठ्याची रक्कम दिवाळीआधीची नव्हे, तर जुलैमधली लिहिलेली आहे का ते पाहावे. बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, इंजिनात पाणी ओढले गेल्यास तो दावा अडतो.

प्रश्न : मी राजापूरला नववीत शिकते. अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी आमच्या बाजारात दरवर्षी येते. आम्ही विद्यार्थी काही मोजू शकतो का?

उत्तर : नक्कीच, आणि या अंकातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे. सरळ भिंतींचा एक डबा घे, वर आणि खाली त्याचा व्यास सारखा असला पाहिजे, नाहीतर हिशेब चुकतो. झाड आणि छपराच्या पागोळ्या यांपासून दूर, उघड्यावर, जमिनीपासून थोडा उंच तो पक्का बसव. दररोज सकाळी साडेआठला आतले पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोज, लिही आणि डबा रिकामा कर, कारण हवामान खाते पावसाचा दिवस साडेआठलाच बदलते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की त्याला जोरदार, ११५.५ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अतिवृष्टीतलीही सर्वांत वरची पायरी समजतात. पाऊस फार असेल तेव्हा दर तीन तासांनी मोज, मात्र रात्री नदीकडे जाऊ नकोस, डबा अंगणातच ठेव.

त्याच पानावर तीन रकाने आणखी आख. पहिल्यात तिथी आणि पाऊणपटीने काढलेली भरतीची वेळ, दुसऱ्यात बाजारात पाणी आले ती वेळ, आणि तिसऱ्यात ते कोणाच्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत आले. दोन पावसाळे लिहिलेस, की घाटमाथ्यावर किती पाऊस झाल्यावर किती तासांनी बाजाराच्या पहिल्या पायरीला पाणी लागते, हे तुमच्या वर्गाला सांगता येईल. घाटाच्या बाजूच्या एखाद्या गावातल्या शाळेशी फोनवर ठरवून घ्या, म्हणजे वरचा आकडा तुम्हाला रोज मिळेल. वही ओली होऊ नये म्हणून ती माळ्यावर ठेव, आणि पेनऐवजी शिसपेन्सिल वापर, शिसपेन्सिलीचे लिखाण पाण्यात पसरत नाही.